वाहनावर वाहन : कल्याण–बदलापूर टापूतील चढणीचा इतिहास

१

चाकांवर चालणारे एक वाहन दुसऱ्या वाहनावर चढवून नेणे ही गोष्ट वरवर पाहता इतिहासाच्या कक्षेत येण्यासारखी वाटत नाही. दळणवळणाच्या इतिहासात मार्ग, पूल, बोगदे आणि इंजिने यांचा विचार होतो. परंतु माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात कसा गेला, हा प्रश्न हमालाच्या अंगच्या कसबाचा म्हणून बहुधा सोडून देण्यात येतो. वास्तविक कोणत्याही प्रवासातील सर्वांत धोक्याची जागा रस्त्यावर नसून रस्ता जेथे बदलतो तेथे असते. धान्याचे पोते हातून निसटले तर ते पडते व तेथेच राहते. चाकांची वस्तू निसटली तर ती पडून थांबत नाही; ती उताराच्या दिशेने धावू लागते, आणि त्या दिशेला तिला ढकलणारा माणूस उभा असतो. ह्या एका भेदामुळे वाहन चढविण्याचे काम इतर सर्व हमालीहून निराळे ठरते.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे ह्या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीची आहेत. कोकणातून देशावर जाणारा लोहमार्ग ह्या गावांच्या सान्निध्यातून जातो. दुसऱ्या महायुद्धातील एक मोठी लष्करी छावणी येथेच वसली. आणि स्वातंत्र्योत्तर काळातील कारखानदारी व मालमोटारींचा व्यापार येथेच दाटीने वाढला. बदलापूर ह्या नावाची एक व्युत्पत्ती लोक अशी सांगतात की, प्रवासी तेथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून ते बदलापूर. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरेल असे नाही; तथापि घाटाच्या वाटेवर वाहन बदलणे हा ह्या टापूचा जुना धर्म होता, एवढी स्मृती तीत टिकून राहिली आहे.

प्रस्तुत निबंधात मांडावयाचा मुद्दा एकच आहे. वाहन सुरक्षितपणे चढविण्याचा प्रश्न मुळात शक्तीचा नसून पातळीचा आहे. आणि दोन पातळ्यांमधील अंतर भरून काढण्याचा खर्च कोणी करावयाचा, ह्यावरून त्या कामातील धोका कोणाच्या वाट्यास जातो हे ठरते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा खर्च ह्या टापूत तीनदा हात बदलून गेला. त्या बदलांचा क्रम पाहणे हा येथील हेतू होय.

२

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आला. कल्याणहून त्यास दोन फाटे फुटले. त्यांपैकी आग्नेयेकडील फाटा अंबरनाथ व बदलापूर यांच्या बाजूने जाऊन १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोहोचला. घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली खुला झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत लोहमार्गाने जोडला गेला नव्हता. ह्या पाच वर्षांत मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस गाडीतून उतरे, पालखीने अथवा घोड्या-बैलांच्या वाहनाने घाट चढे आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसे. ज्या रस्त्याने तो चढे तो गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झालेला होता.

उतारूंच्या ह्या गैरसोयीचे वर्णन अनेक ठिकाणी आढळते. परंतु तिच्या पोटी दडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. खंडाळा–पुणे हा मार्ग त्या वेळी इतर कोणत्याही लोहमार्गाशी जोडलेला नव्हता. तो घाटमाथ्यावरील एक सुटा तुकडा होता. तेव्हा त्यावर धावणारी इंजिने आणि डबे, अखंड असोत वा सुटे भाग करून असोत, घाटातील साध्या रस्त्यानेच वर गेले असले पाहिजेत. म्हणजे ज्या यंत्राने पुढे बैलगाडीची मक्तेदारी मोडली, ते यंत्र प्रथम माणसे आणि जनावरे यांच्या बळावर डोंगर चढून गेले. वाहनाने वाहन वाहून नेण्याचा ह्या खोऱ्यातील हा सर्वांत ठळक प्रसंग होय.

१८६३ साली बोरघाटाचा चढाव पुरा झाला. सुमारे पावणेसोळा मैलांच्या लांबीत तो १८३१ फूट चढतो. त्यावर पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि त्याची सर्वांत तीव्र चढण सदतीस फुटांस एक फूट एवढी होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली झालेल्या ह्या कामावर १८६१ च्या प्रारंभी बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालविला. रोगराई व अपघात यांत मजुरांची जी प्राणहानी झाली ती हजारांच्या संख्येने मोजली जाते.

सदतीसास एक हा आकडा येथे मुद्दाम ध्यानात ठेवावयाचा आहे. अंशांत मांडल्यास तो दीड अंशाहून किंचित अधिक भरतो. डोळ्यांना ही चढण जवळजवळ सपाट दिसेल. तरीही तेवढ्या उतारावर सुटलेली गाडी आवरणे अशक्य होते हे ओळखून रेल्वेने उतरत्या बाजूस चढत्या दिशेचे रूळफाटे बांधले. आवर सुटलेली गाडी त्या फाट्यावर शिरून आपल्याच वजनाने थांबावी, अशी ती योजना होती. उताराचे भय ज्यांना कळले होते त्यांनी दीड अंशासाठी एवढी तजवीज केली. आज रस्त्याच्या कडेला टेम्पोमागे दोन फळ्या टेकवून त्यांवर जे वाहन चढविले जाते, त्या फळ्यांचा कोन वीस ते तीस अंशांचा असतो.

३

रेल्वेने पातळीचा प्रश्न आणखी एका प्रकारे सोडविला, आणि तो प्रकार मराठी भाषेत 'मालधक्का' ह्या शब्दाने रूढ झाला. मालडब्याची तळफळी रुळांपासून सुमारे चार फूट उंच असते. तेवढ्याच उंचीचा ओटा रुळांलगत बांधला की डबा आणि ओटा एका पातळीत येतात व माल आडवा सरकवता येतो. उंची नाहीशी झाली असे नव्हे. ती डब्याच्या तोंडापासून काढून ओट्याच्या दुसऱ्या टोकास नेली, आणि तेथे बैलगाडी सहज चढेल असा लांब उतार बांधून ती पसरून दिली. चार फुटांची उंची आठास एक ह्या प्रमाणात चढावयाची तर बत्तीस फूट लांबीचा उतार लागतो. एवढी जागा आणि एवढे दगडकाम रेल्वेला परवडत होते, कारण तोच धक्का रोज शेकडो वेळा वापरात येत असे.

चाकांच्या वाहनांसाठी ह्या धक्क्याचा एक विशेष प्रकार होता. इंग्लंडात रेल्वेच्या आरंभीच्या काळी श्रीमंत लोक आपली घोडागाडी उघड्या सपाट डब्यावर चढवून बरोबर नेत. हिंदुस्थानातील रेल्वेच्या दरपत्रकांतही घोडे, बग्ग्या आणि पुढे मोटारगाड्या यांच्या वाहतुकीचे दर स्वतंत्र असत. असे वाहन बाजूच्या धक्क्यावरून चढविल्यास डब्यावर ते काटकोनात वळवावे लागते, आणि अरुंद फळीवर वाहन वळविणे हेच अपघाताचे मूळ असते. म्हणून रूळ जेथे संपतात तेथे टोकाचा धक्का बांधण्याची पद्धत पडली. वाहन सरळ रेषेत येई, सरळ रेषेत डब्यावर जाई आणि दोन डब्यांमधील फटीवर लोखंडी पत्रा टाकला की एका डब्यावरून पुढच्या डब्यावरही जाई. तोफा, रणगाडे आणि लष्करी मोटारी चढविण्यासाठी सर्व देशांच्या सैन्यांनी हीच रीत उचलली.

'धक्का' ह्या मराठी शब्दाचे दोन अर्थ येथे शेजारी शेजारी उभे राहतात. एक धक्का बांधलेला, दुसरा हातांनी द्यावयाचा. पहिला जेथे असतो तेथे दुसऱ्याची गरज फारशी पडत नाही. पहिला नसला की दुसरा आलाच. पुढील इतिहास बव्हंशी पहिल्या धक्क्याकडून दुसऱ्याकडे झालेल्या प्रवासाचा आहे.

४

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या पूर्वेस एक मोठी लष्करी संक्रमण छावणी उभारण्यात आली. सहा हजार सैनिक व इतर तीस हजार लोक यांच्या सोयीसाठी ती होती. तीत २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ निवासस्थाने बांधण्यात आली. संक्रमण छावणी ह्या शब्दाचा अर्थच असा की माणूस, सामान आणि वाहन येथे येऊन पुढे जावयाचे. मुंबई बंदर आणि लोहमार्गाचा कल्याण फाटा यांच्या जवळिकीमुळेच ही जागा त्या कामास योग्य ठरली.

त्याच युद्धाने आडवाटेने चालणाऱ्या मोटारीचा एक नमुना जगभर पोहोचविला. अमेरिकन सैन्याने १९४० साली हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली व त्या मागणीतून जीप जन्मास आली. विलिज आणि फोर्ड ह्या कंपन्यांनी युद्धकाळात मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. चारही चाकांना इंजिनाचा जोर, सुमारे अकरा फूट लांबी, दोन आसांमध्ये ऐंशी इंच अंतर आणि सुमारे अकराशे किलो वजन, अशी तिची मापे होती. तिच्या अंगाला बाजूंनी लोखंडी मुठी बसविलेल्या होत्या. चिखलात रुतलेली गाडी सैनिकांनी हातांनी धरून ओढावी हा त्यांचा उपयोग. जी गाडी कोठेही जाऊ शकते असे म्हटले जाई, तिलाही कधीतरी माणसांनी उचलावे लागणार, हे तिच्या रचनाकारांनी गृहीत धरले होते.

जीप ही स्वतः वाहन असूनही तिचे युद्धातील आयुष्य दुसऱ्या वाहनांवर स्वार होण्यात पुष्कळसे गेले. ती जहाजांतून आली, सपाट डब्यांवरून पुढे गेली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांतून उतरली. डकोटा विमानाचे दार बाजूस असल्यामुळे तीस फळ्यांवरून आत घेऊन लगेच वळवावे लागे. उलट, वाको जातीच्या ग्लायडरचे नाक वर उचलले जाई व जीप सरळ आत जाई. बाजूचा धक्का आणि टोकाचा धक्का यांतील जुना भेद आकाशमार्गातही असा पुन्हा प्रत्ययास आला. सैन्याजवळ हे काम करण्यास शिकविलेली पथके असत. फळ्यांची जाडी, साखळ्यांची संख्या व चाकांखाली ठेवावयाचे ठोकळे ठरलेले असत. आणि आज्ञा देणारा एकच असे. युद्धाच्या घाईतही हा खर्च सरकार करीत होते.

युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. गावातील भाग आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच ओळखले जातात. जीपचाही वेष असाच पालटला. महिंद्र कंपनीने १९४७ साली सुटे भाग आणवून मुंबईत जीप जोडण्याचे काम हाती घेतले, आणि लष्कराची ही गाडी तालुक्याचे अधिकारी, साखर कारखाने, जंगलखाते व दवाखाने यांची गाडी झाली. सैनिक गेले, छावणी आणि जीप राहिली. मात्र धक्का, पथक आणि आज्ञा ही व्यवस्था नागरी जीवनात उतरली नाही.

५

ह्यानंतरच्या काळात अंबरनाथ व उल्हासनगर यांचे स्वरूप झपाट्याने बदलले. अंबरनाथला विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकापासूनच होता. १९५० च्या दशकात तेथे दारूगोळ्याचा कारखाना व यंत्रनमुन्यांचा सरकारी कारखाना सुरू झाला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर येथे वसल्या. ज्या कारखान्यांना आपला रूळफाटा आणि धक्का होता त्यांचा माल पातळीवरून पातळीवर जाई. परंतु लहान कारखानदार व व्यापारी यांचा माल रस्त्याने जाऊ लागला. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तीनचाकी मालगाडीचे नाव मराठीत सर्व लहान मालमोटारींचे सामान्यनाम होऊन बसले. १९८६ साली टाटांची ४०७ आणि २००५ साली 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी एस ही गाडी आली. दारापर्यंत माल नेणे आता कोणासही शक्य झाले.

ह्या सोयीची किंमत एका ठिकाणी चुकती होत होती. टेम्पो दारापर्यंत आला, पण धक्का दारापर्यंत आला नाही. हौद्याची उंची कायम राहिली आणि ती चढण्याचा उतार मात्र बत्तीस फुटांवरून सहा फुटांच्या दोन फळ्यांवर आला. रेल्वेच्या काळी दगडात बांधलेला आणि सैन्याच्या काळी पथकाने उचललेला खर्च आता हमालाच्या खांद्यावर, अक्षरशः, येऊन पडला.

कायद्याने ह्या बाबीची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होण्याजोगे जड वजन कोणत्याही कामगारास उचलावयास, वाहावयास अथवा हलवावयास लावू नये असे बंधन घातले. 'हलविणे' हा शब्द त्यात होता हे महत्त्वाचे आहे. कारण वाहन उचलले जात नाही, ते हलविले जाते. परंतु तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबत होता आणि टेम्पो फाटकाबाहेर उभा असे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने कमाल वजनाविषयी करार केला व सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषास पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याने फाटकाबाहेरच्या श्रमिकास मंडळाची नोंदणी, मजुरीची शाश्वती व भविष्यनिधी यांसारखे आधार दिले. ही कामगिरी निःसंशय मोठी होती.

तथापि ह्या सर्व विचारात ओझ्याची जी प्रतिमा डोळ्यांसमोर होती ती पाठीवरच्या गोणीची होती. गोणीचे वजन काट्यावर मोजता येते. फळीवर चढणाऱ्या गाडीचा हमालाच्या हातावर पडणारा भार काट्यावर मोजता येत नाही. तो कोनावर अवलंबून असतो, आणि कोन हा टेम्पो कोठे उभा केला व फळी किती लांब आणली ह्यावर ठरतो. हा निर्णय बहुधा गाडीचा मालक अथवा चालक घेतो, आणि त्याचा परिणाम खाली उभा असलेला माणूस भोगतो.

६

ह्या प्रश्नाचे आजचे रूप म्हणजे एटीव्ही ह्या नावाने ओळखली जाणारी चार जाड चाकांची उघडी गाडी. लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी ती दिसते. काही शेतमळ्यांवरही वापरली जाते. सार्वजनिक रस्त्यासाठी तिची सामान्यतः नोंदणी होत नाही. म्हणून ती जेथे जाते तेथे पिकअप अथवा टेम्पोच्या हौद्यातून जाते. म्हणजे प्रत्येक फेरीस दोनदा चढणे आणि दोनदा उतरणे आले. खडकाळ डोंगर चढणाऱ्या ह्या गाडीस सर्वांत अवघड चढ तिला वाहून नेणाऱ्या गाडीचाच ठरतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्या चढाचे गणित साधे आहे. हौद्याची उंची नव्वद सेंटिमीटर आणि गाडीचे वजन तीनशे किलो धरू. फळी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब असेल तर कोन तीस अंशांचा होतो व गाडीस उताराच्या दिशेने खाली खेचणारा जोर तिच्या वजनाच्या निम्मा, म्हणजे दीडशे किलोंइतका असतो. फळी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर केली तर कोन बावीस अंशांवर येतो आणि जोर सुमारे एकशे बारा किलो होतो. तीन मीटर केली तर साडेसतरा अंश व नव्वद किलो. फळीची लांबी पावणेदोन पटीहून कमी वाढली आणि हातावरचा भार दीडशेवरून नव्वदवर आला. तिसऱ्या माणसाने ढकलण्यापेक्षा एक हात लांब फळी अधिक काम करते, हे ह्यावरून स्पष्ट होते.

परंतु जोर हा धोक्याचा अर्धाच भाग आहे. गाडीचा गुरुत्वमध्य साठ सेंटिमीटर उंचीवर व दोन आसांच्या मध्यावर मानला आणि आसांमधील अंतर सव्वा मीटर धरले, तर सपाटीवर त्या मध्यापासून मागच्या चाकांपर्यंत साडेबासष्ट सेंटिमीटरांचे अंतर असते. तीस अंशांच्या चढावर वजनाची रेषा सुमारे पस्तीस सेंटिमीटर मागे सरकते व उरते अंतर अठ्ठावीसच्या आसपास. त्यात चालक मागे रेलून बसला आणि वरच्या टोकाशी त्याने झटका देऊन वेग वाढविला, तर पुढची चाके उचलली जाऊन गाडी मागे उलटते. जीपच्या बाबतीत ऐंशी इंचांचे अंतर ही शिल्लक पुष्कळ वाढविते. लहान गाडीजवळ ती नसते. म्हणून यंत्राच्या जोरावर गाडी चढवू पाहणारा मनुष्य ढकलणाऱ्याहून सुरक्षित असतो, ही समजूत खरी नव्हे. हाताने फिरवावयाच्या अथवा विजेच्या कप्पीने, तारदोर लावून, गाडीवर कोणी न बसता आणि गाडीमागे कोणी उभे न राहता ती वर ओढून घेणे हीच रीत श्रेयस्कर ठरते.

दुसरा धोका फळीचा. गाडीची मागची चाके फळीवर असताना ती फळीस मागे ढकलीत असतात. पुढची चाके हौद्याच्या काठावर येताच ती टेम्पोस पुढे ढकलतात. दोन्ही जोर एकाच वेळी फळी आणि हौदा यांच्यामधील सांधा उघडू पाहतात. फळी नुसती टेकविलेली असेल तर ह्याच क्षणी ती सुटते, आणि गाडी अर्धी आत व अर्धी अधांतरी राहते. फळीचे वरचे टोक साखळीने हौद्याशी जखडणे, टेम्पोचा हातब्रेक ओढून त्याच्या चाकांपुढे पाचर अथवा दगड देणे, हे दोन उपाय म्हणूनच एकमेकांस पर्यायी नसून एकमेकांस पूरक आहेत. टोकाच्या धक्क्याशी डबा जखडून ठेवण्याची रेल्वेची पद्धत ह्याच कारणासाठी होती.

तिसरी बाब चढून गेल्यानंतरची. गाडीचे वजन टेम्पोच्या मागच्या आसाच्या पुढे राहिले पाहिजे. ते मागे गेल्यास पुढची चाके हलकी होतात व सुकाणू ऐकत नाही. फाळका बंद होईल एवढीच लांबी आत घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालास वीस हजार रुपयांचा दंड ठेवला, त्यामागचे तत्त्व हेच होय. बांधणीविषयी युरोपातील प्रमाण असे आहे की पुढच्या दिशेस मालाच्या वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंस व मागे निम्म्या वजनाइतका जोर पट्ट्यांनी सहन करावा. तीनशे किलोंच्या गाडीस म्हणजे पुढे दोनशे चाळीस व इतरत्र दीडशे किलो. चार कोपऱ्यांशी चार पट्टे, आणि ते गाडीच्या स्प्रिंगा थोड्या दबतील इतके ताणलेले; नाहीतर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा सैल पडतो व बांधणी नावापुरती उरते. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणावे लागतात ते ह्याच कारणाने.

फळी लांब मिळत नसेल तर उंची कमी करणे हा उपाय उरतो. टेम्पोची मागची चाके सखल जागी घेणे, अथवा टेम्पोची पाठ बांधाला वा रस्त्याच्या उंच कडेला लावणे, ह्याने नव्वद सेंटिमीटरांची उंची निम्म्यावर येते. भातशेतीच्या ह्या टापूत बांधांची वाण नाही. जमिनीतच धक्का शोधण्याची ही बुद्धी मालधक्क्याच्या मागील विचाराहून निराळी नाही. फरक इतकाच की तो विचार एकाने करून सर्वांसाठी बांधून ठेवला होता, आणि हा प्रत्येकाने प्रत्येक वेळी नव्याने करावयाचा आहे.

७

ह्या इतिहासास एक अलीकडचे वळण आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने रायगड जिल्ह्यातील कोलाड आणि गोव्यातील वेर्णे यांच्या दरम्यान भरलेल्या मालमोटारी सपाट डब्यांवरून नेण्याची सेवा सुरू केली. मालमोटार टोकाच्या उतारावरून सरळ डब्यावर जाते, डब्यांमागून डबे ओलांडीत आपल्या जागी थांबते, तिची चाके अडविली जातात व ती जखडली जाते. ढकलणारा कोणी नसतो. सुमारे दीड शतकापूर्वी ज्या डोंगररांगेने इंजिनास माणसांच्या बळावर रस्त्याने चढावयास लावले, तिच्याच दक्षिणेकडील पायथ्याशी रस्त्यावरचे वाहन आता रेल्वेच्या पाठीवर सुखाने प्रवास करते. ही सेवा यशस्वी झाली ती इंजिनांच्या सामर्थ्यामुळे जेवढी, तेवढीच कोलाडच्या आणि वेर्ण्याच्या त्या दोन बांधलेल्या उतारांमुळे.

ह्या सर्व विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वाहन चढविण्याच्या क्रियेतील सुरक्षिततेचे नियम नवे नाहीत. सरळ रेषेत चढवावे, उतार लांब ठेवावा, दोन्ही बाजू जखडाव्यात, उताराखाली माणूस उभा करू नये आणि आज्ञा एकाने द्यावी, हे पाच नियम रेल्वेचा धक्का आणि सैन्याची पथके यांच्या व्यवहारात पूर्वीच सिद्ध झाले होते. दुसरा असा की, वाहतूक रेल्वेकडून रस्त्याकडे गेली तेव्हा माल गेला, मजूर गेला, व्यापारही गेला. परंतु ते नियम मागे राहिले, कारण ते कागदावर नव्हते, दगडात होते. बांधलेला धक्का हाच त्यांचा ग्रंथ होता. तो वापरातून गेला तसे ज्ञानही गेले.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकास अधिक जवळचा आहे. एखाद्या सोयीचा प्रसार झाला की तिच्यातील श्रम नाहीसे झाले असे समजण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः श्रम पुष्कळदा नाहीसे होत नाहीत, ते सरकतात. बोरघाटातील मजूर, मालधक्क्यावरील हमाल आणि टेम्पोमागे खांदा लावून उभा असलेला माणूस ही एकाच कामाची तीन रूपे होत. त्यांच्यामधील भेद बळाचा नाही. समोरच्या उताराची लांबी कोणी ठरविली, एवढाच तो आहे. औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक रस्त्यावर, जेथे मालमोटारी उभ्या राहतात तेथे, हौद्याच्या उंचीचा एक सामाईक ओटा आणि त्यास लांब उतार बांधणे हे फार खर्चाचे काम नाही. बत्तीस फूट दगडकाम एवढीच त्याची व्याप्ती आहे. ज्या टापूने देशातील पहिल्या लोहमार्गांपैकी एकाचे धक्के पाहिले, त्या टापूस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.